स्टोरीवीव्हर : दोन शिक्षकांच्या शाळेतील तीन वर्षांचा अनुभव

सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात, मेढ्यापासून आत डोंगराकडे गेलेल्या रस्त्यावरच्या जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली ते चौथी असे चार वर्ग, पट एकवीस आणि आम्ही दोन शिक्षक. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेचे ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या पुस्तकांचे मोफत संकेतस्थळ गेली तीन शैक्षणिक वर्षे आम्ही शाळेच्या ग्रंथालयासाठी वापरत आहोत. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्याविषयी मला वारंवार विचारले जाते, आणि चहाच्या वेळात जेवढे सांगता येते तेवढ्याने कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून त्याचा उपयोग कोठे होतो, खर्च किती येतो आणि कोणत्या ठिकाणी आपल्यालाच राबावे लागते, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आमचे ग्रंथालय म्हणजे कार्यालयाच्या कोपऱ्यातील एक लोखंडी कपाट. मी या शाळेत रुजू झाले तेव्हा पदभाराच्या यादीत ३१२ पुस्तके होती, आणि मोजून घेतली तेव्हा तीनशे बाराच्या तीनशे बारा कपाटात होती. हिशेब चोख होता याचा मला त्या दिवशी आनंद झाला. नंतर लक्षात आले की, यादी एवढी चोख असण्याचे कारण एवढेच आहे की त्यातले पुस्तक कोणाच्या घरी कधी गेलेच नव्हते. पुस्तक डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, चढले की ते शिक्षकाच्या जबाबदारीचे होते. हरवले, फाटले, पावसात भिजले तर बदलीच्या वेळी उत्तर द्यावे लागेल, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात असते, आणि त्यामुळे किल्ली टेबलाच्या खणात राहते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. कपाट असल्यामुळे आमच्या शाळेने ती अट कागदोपत्री केव्हाच पूर्ण केली होती.

कपाटात काय होते, हेही सांगायला हवे. समग्र शिक्षा अभियानातून ग्रंथालयासाठी मिळणारे वार्षिक अनुदान शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांच्या दरम्यान असते आणि प्राथमिक शाळा त्यातील सर्वांत खालच्या पायरीवर येते. एका वर्षी त्या रकमेतून आम्ही एका पुरवठादाराकडून ‘प्राथमिक शाळा ग्रंथालय संच’ घेतला. यादी आधी पाहायला मिळाली नाही, आणि मीही आग्रह धरला नाही, ही माझी चूक. संच आला तेव्हा त्यात थोर पुरुषांची सहा चरित्रे होती, बोधकथांची नऊ पुस्तके होती आणि त्या नऊपैकी चार पुस्तकांत त्याच त्या गोष्टी वेगळ्या मुखपृष्ठाखाली छापलेल्या होत्या. अक्षर बारीक, कागद मळकट, चित्रे कोठूनतरी उचललेली. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य. दुसरीतील मुलीने त्यातले एक पुस्तक उघडले, बोट ठेवून दोन ओळी वाचल्या, पान उलटून पुढे चित्र आहे का पाहिले आणि पुस्तक मिटून ठेवले. तिचे काहीही चुकले नव्हते.

या पार्श्वभूमीवर स्टोरीवीव्हर आमच्याकडे आले. प्रथम बुक्स ही ना-नफा तत्त्वावर चालणारी प्रकाशन संस्था २००४ साली सुरू झाली आणि तिने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, हे संकेतस्थळ खुले केले. आज त्यावर तीनशेहून अधिक भाषांतील पुस्तके आहेत. मराठी पुस्तके भरपूर आहेत आणि त्यांतील बहुतेक चित्रमय आहेत. वाचण्यासाठी पैसे पडत नाहीत, नावनोंदणीही करावी लागत नाही. पुस्तक उतरवून घ्यायचे असेल तर मात्र खाते उघडावे लागते, आणि तेही मोफत असते. येथील पुस्तके ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या खुल्या परवान्याखाली असतात. याचा शाळेच्या दृष्टीने अर्थ असा की, लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांची नावे कायम ठेवून आपण पुस्तक छापू शकतो, वाटू शकतो, त्याचा अनुवाद करू शकतो, त्यात बदलही करू शकतो, आणि त्यासाठी कोणाकडे परवानगीचा अर्ज करावा लागत नाही. हे श्रेयाचे पान प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी असते. कागद वाचवण्यासाठी ते गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण सगळी मुभा त्या एका पानावर उभी आहे. मला त्याचा प्रत्यक्ष उपयोगही झाला. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पहिल्यांदा पेन ड्राइव्ह दिला तेव्हा दुकानदार थबकला आणि म्हणाला, “मॅडम, अख्ख्या पुस्तकाची प्रिंट काढून चालतं का? उद्या कोणी विचारलं तर?” मी त्याला शेवटचे पान उघडून दाखवले. त्याने ते शांतपणे पूर्ण वाचले आणि मगच यंत्र सुरू केले.

संकेतस्थळाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पातळ्या. प्रत्येक पुस्तकावर एक ते चार यांपैकी एक पातळी दिलेली असते. पहिल्या पातळीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आतली, सोप्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची. दुसरी सहाशे शब्दांपर्यंतची. तिसरी दीड हजारापर्यंतची. आणि चौथी त्याहून मोठी. शोधताना मराठी भाषा आणि हवी ती पातळी निवडली की तेवढीच पुस्तके समोर येतात. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण एकाच खोलीत पहिली आणि दुसरी सांभाळणाऱ्या शिक्षकाला विचारा. पाठ्यपुस्तक सगळ्यांना एकच असते आणि मुले मात्र वाचनाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असतात. आमच्याकडे बरीच मुले आजी-आजोबांजवळ राहतात, कारण आई-वडील मुंबईत, बाप माथाडी कामात. काही मुले वर्षाच्या मध्येच मुंबईला जातात आणि दिवाळीनंतर परत येतात. अशा मुलाला तिसरीचे पुस्तक देऊन काहीच साधत नाही. त्याला जे स्वतःच्या बळावर शेवटच्या पानापर्यंत नेता येईल असे पुस्तक हवे असते, आणि तसे एक पुस्तक संपले की लगेच तशाच आकाराचे दुसरे, मग तिसरे. जुन्या कपाटात त्या मापाची चार पुस्तकेही नव्हती; येथे ती डझनावारी मिळाली.

मात्र या पातळ्या जशाच्या तशा स्वीकारू नयेत, असे मी तीन वर्षांनंतर म्हणेन. त्या शब्दसंख्येवर, वाक्याच्या लांबीवर आणि आशयावर ठरवलेल्या आहेत. मराठी लिपीची अडचण त्यांत पुरेशी मोजली जात नाही. पहिल्या पातळीच्या एखाद्या गोष्टीत ‘स्वच्छ’, ‘प्रश्न’, ‘उत्सुक’ असे शब्द आले की पहिलीचे मूल तेथेच अडखळते, आणि दुसऱ्या पातळीच्या एखाद्या लांब पण साध्या शब्दांच्या गोष्टीतून तेच मूल सहज पार होते. म्हणून मी प्रत्येक पुस्तक आधी स्वतः मोठ्याने वाचते आणि त्यातील जोडाक्षरे मोजते. दहापेक्षा अधिक निघाली की ते पुस्तक मी एक पायरी वर सरकवते. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वाचनावर जे काम उभे केले, ते आपल्याच जिल्ह्यातले; अक्षर आणि अर्थ एकत्र हातात आले पाहिजेत हा धडा आमच्यापैकी अनेकांनी त्या कामाकडे पाहून घेतला आहे. संकेतस्थळावरची पातळी ही सुरुवातीची खूण समजावी आणि पुढची पारख आपण करावी.

दुसरी अडचण मुलांच्या मनातली आहे. पातळी पुस्तकाच्या मागील बाजूला छापलेली असते. चौथीतला एक मुलगा पहिल्या पातळीचे पुस्तक आनंदाने वाचत होता. शेवटी त्याने ते उलटे केले, मागचा ‘१’ पाहिला आणि कोणी पाहिले नाही ना, अशा नजरेने इकडेतिकडे बघत पुस्तक खाली ठेवले. त्या दिवसापासून मी छापलेल्या प्रतींवर तो आकडा येऊ देत नाही. त्याऐवजी मागच्या कोपऱ्यात कपाळाला लावायची टिकली चिकटवते. लाल म्हणजे कोणती पातळी आणि हिरवी म्हणजे कोणती, हे फक्त आम्हा दोघा शिक्षकांना माहीत आहे. मुलांनी टिकल्यांना नक्षी समजून घेतले आहे आणि चौथीची मुले लाल टिकलीची पुस्तके आता सर्वांसमोर वाचतात.

पुस्तक शाळेपर्यंत आणणे हा स्वतंत्र विषय आहे. आमच्या आवारात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीही मिळत नाही. त्यामुळे ‘ऑनलाइन ग्रंथालय’ या शब्दाचा आमच्या मुलांच्या दृष्टीने काही अर्थ नाही. मी रविवारी साताऱ्यात घरी बसून पुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवते, पातळीवार फोल्डर करते आणि सोमवारी पेन ड्राइव्ह घेऊन येते. लोकवर्गणीतून मिळालेल्या टीव्हीला तो लावला की पुस्तकाचे पान भिंतीएवढे नसले तरी सतरंजीवरच्या एकवीसही मुलांना चित्र नीट दिसेल एवढे मोठे होते. परिपाठानंतर रोज एक पुस्तक असे मी मोठ्याने वाचते. चित्रावर बोट ठेवून पुढे काय होईल ते विचारते, पान थांबवून ठेवते. हातात धरलेल्या लहान पुस्तकाचे चित्र मागच्या रांगेला दिसत नाही. टीव्हीमुळे ती अडचण गेली. वीज गेली तर वाचन थांबते, हे ओघाने आलेच.

तरीही टीव्हीवर दाखवलेले पुस्तक मुलाचे होत नाही. ते दप्तरात जात नाही, झोपताना उशाशी राहत नाही, आजीला दाखवता येत नाही. म्हणून छपाई. याबाबत मी बरीच ठेच खाल्ली असल्यामुळे जरा तपशिलात लिहिते.

येथील बहुतेक पुस्तकांची पाने आडवी असतात. ए-फोर कागदावर एकाखाली एक अशी दोन आडवी पाने बसतात. कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार. सोळा पानांच्या पुस्तकाला चार कागद लागतात. छापून झाल्यावर ते मधोमध आडवे कापायचे, एकावर एक रचायचे आणि डाव्या कडेला तीन पिना मारायच्या. पण पाने १, २, ३, ४ अशा सरळ क्रमाने छापली तर कापल्यावर पानामागे चुकीचे पान येते. क्रम १, ३, २, ४ आणि पुढे ५, ७, ६, ८ असा द्यावा लागतो, आणि पाठपोट छपाई कागदाच्या लांब कडेवर उलटणारी हवी. पहिल्या खेपेला एका दुकानात ही गोष्ट सांगायची राहिली आणि बारा पुस्तकांतील प्रत्येक दुसरे पान डोक्यावर उभे राहिलेले आले. पैसे गेले, मुलांनी मात्र ती पुस्तके हातात गोल फिरवत फिरवत वाचून काढली. आता मी क्रम कागदावर लिहूनच नेते आणि आधी एकच प्रत काढून, कापून पाहते.

खर्चाचा हिशेब असा. साताऱ्यात मला रंगीत छपाईला एका बाजूस दहा रुपये आणि काळ्या-पांढऱ्या छपाईला दोन रुपये पडले. म्हणजे सोळा पानांचे पुस्तक पूर्ण रंगीत काढले तर आठ बाजूंचे ऐंशी रुपये होतात. येथे थांबून विचार करावा, कारण एवढ्या किमतीत किंवा त्याहून कमी किमतीत चांगल्या कागदावर छापलेले, पक्क्या बांधणीचे चित्रपुस्तक विकत मिळू शकते. मोफत म्हणून उतरवलेले पुस्तक रंगीत छापले की ते मोफत राहत नाही, आणि स्वस्तही राहत नाही. हे लक्षात न घेता काही शाळांनी उत्साहाने रंगीत छपाईवर अनुदान खर्च केल्याचे मी पाहिले आहे. माझा मार्ग वेगळा आहे. आतली पाने काळी-पांढरी आणि फक्त मुखपृष्ठ जाड कागदावर रंगीत, असे केले की एक पुस्तक तीस रुपयांच्या आसपास पडते. त्यासाठी पुस्तक निवडताना रेषांची चित्रे आणि पांढरी पार्श्वभूमी असलेली पुस्तके घ्यावीत. रात्रीची, जंगलाची, गडद रंगांची चित्रे काळ्या छपाईत डागासारखी दिसतात; ती टीव्हीसाठी ठेवावीत. काळ्या-पांढऱ्या पुस्तकांचा एक लाभ माझ्या ध्यानात नव्हता, तो मुलांनी दाखवला: ती त्यांनी रंगवली. आता प्रत्येक प्रत वेगळी आहे आणि एकाच गोष्टीतली शेळी एका पुस्तकात तांबडी आहे तर दुसऱ्यात जांभळी.

पहिल्या वर्षी चाळीस पुस्तके काढली, सुमारे बाराशे रुपयांत. ती डेडस्टॉकला चढवली नाहीत, कारण ती खरेदी केलेली पुस्तके नव्हती. आम्ही दोघा शिक्षकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीतील दोन पालकांनी वर्गणी काढली होती. वर्गाच्या भिंतीला सुतळी बांधली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तके त्यावर अडकवली आणि मुलांना सांगितले की हवे ते घरी न्या. एका जुन्या वहीत मुलेच नाव, पुस्तक आणि तारीख लिहितात. पुस्तक हरवले तर तीस रुपयांत दुसरे निघते, एवढा दिलासा मला मिळाला होता, आणि त्या दिलाशाने माझे वागणे बदलले. मी मुलांना ‘जपून ने’, ‘फाडू नको’, ‘ओले करू नको’ असे बजावणे सोडून दिले. स्टोरीवीव्हरने आम्हांला गोष्टी दिल्या हे खरेच. पण त्याहून अधिक म्हणजे पुस्तक गमावण्याची भीती त्याने घालवली. पहिल्या वर्षी चाळीसपैकी सात पुस्तके परत आली नाहीत. त्यांतले एक मुंबईला गेल्याचे कळले, धाकट्या भावासाठी. एक म्हशीने खाल्ले असे सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले.

याचा परिणाम जुन्या कपाटावरही झाला. सुतळीवरची पुस्तके जातात आणि बहुतेक परत येतात, हे वर्षभर पाहिल्यावर माझे सहकारी सर एके दिवशी आपणहून म्हणाले, “बाई, कपाट उघडंच ठेवू या आता.” तेव्हापासून किल्ली खणातच आहे, कपाट मात्र उघडे असते.

भाषेविषयी दोन शब्द. येथे कोणीही पुस्तक लिहू शकतो आणि कोणीही अनुवाद करू शकतो. ही या व्यवस्थेची उदारता आहे आणि त्यामुळेच सर्व मजकूर सारख्या तोलाचा असू शकत नाही. प्रत्येक पुस्तकावर प्रकाशकाचे नाव असते, ते आधी पाहावे. प्रकाशन संस्थेने संपादित केलेली पुस्तके आणि हौसेने केलेले अनुवाद यांत फरक असणारच. वाक्य मोठ्याने वाचावे; जिभेला अडले तर ते मुलाच्याही जिभेला अडणार, हे नक्की. शिवाय छापील मराठी आणि आमच्या मुलांची मराठी यांतले अंतर कोणत्याही पुस्तकात राहतेच. गोष्टीत ‘पोळी’ आली की आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर पुरणपोळी येते, कारण रोज खातात ती चपाती. ‘बकरी’ वाचले की एखादे मूल ‘शेरडू’ म्हणते. पूर्वी मी ते दुरुस्त करत असे. आता दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते, आणि असे वाटते की वाचन तेथून अधिक चांगले सुरू होते.

या संकेतस्थळावर स्वतःचे पुस्तक तयार करण्याचीही सोय आहे. तेथील चित्रसंग्रहातून चित्रे निवडावीत, त्याखाली मजकूर लिहावा, की पुस्तक तयार होते. आपली चित्रेही चढवता येतात. गेल्या वर्षी तिसरी-चौथीच्या मुलांसोबत आम्ही हे करायचे ठरवले. विषय मुलांनीच दिला: धुक्यात वाट चुकलेली म्हैस. मी चित्रसंग्रहातून म्हशीची चित्रे काढून टीव्हीवर दाखवली. वर्ग एकदम शांत झाला आणि मग एक मुलगी म्हणाली, “बाई, ही म्हस आपल्यातली न्हाय. हिची शिंगं वळल्याली हायत.” बाकीच्यांनी दुजोरा दिला. त्यांच्या घरच्या म्हशींची शिंगे लांब, मागे पाठीकडे गेलेली, आणि समोरच्या चित्रातल्या म्हशीची कानाजवळ गुंडाळलेली. कोणतेही दुसरे चित्र त्यांना पटेना. अखेर त्यांनी चित्रे स्वतः काढली, पाठकोऱ्या कागदांवर, आणि शिंगांवर इतकी मेहनत घेतली की एका चित्रात म्हैस लहान आणि शिंगे मोठी झाली. मजकुरासाठी तीन दिवस वाद चालला. ‘धुकं पडलं’ की ‘धुकं आलं’, यावर मतदान झाले. शेवटी चौदा पानांची गोष्ट तयार झाली. पाठ्यपुस्तकातील निबंधासाठी एक ओळ लिहायला कंटाळणाऱ्या मुलाने त्यात चार ओळी घातल्या आणि त्या चार ओळींतले शब्द बरोबर आहेत का, हे तो मला दिवसातून दोनदा विचारत असे.

आता खरेदीविषयी. स्टोरीवीव्हरमुळे पुस्तके विकत घ्यायची गरज उरली नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. रंगीत, टिकाऊ, हाताला भारदस्त लागणारे पुस्तक मुलांना मिळालेच पाहिजे आणि अनुदानाचा पैसा त्यावरच खर्च व्हावा. बदल एवढाच झाला की, काय घ्यावे हे आता आम्हांला आधी कळते. टीव्हीवर कोणती गोष्ट पुन्हा मागितली गेली, सुतळीवरून कोणते पुस्तक सतत गायब असते, हे पाहिले की यादी आपोआप तयार होते. त्याच्या जोडीला आम्ही दुसरेही एक केले. ४ मे २०१७ रोजी भिलार येथे राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले, हे सर्वांना माहीत आहे. पर्यटक तेथे जातात आणि छायाचित्रे काढतात. आम्ही केळघरचा घाट चढून, महाबळेश्वरमार्गे, मुलांना तेथे घेऊन गेलो ते पुस्तके निवडण्यासाठी. गावातल्या घराघरांत विषयवार मांडलेली पुस्तके आणि बसून वाचायची मोकळीक, असे तेथील स्वरूप आहे. मी मुलांना काहीही सुचवले नाही. मागे वही घेऊन उभी राहिले आणि ज्या पुस्तकाजवळ एखादे मूल दहा मिनिटांहून अधिक काळ टिकले, त्याचे नाव लिहून घेतले. परतताना वहीत तेवीस नावे होती. त्यांत एकही बोधकथांचे पुस्तक नव्हते. प्राण्यांची, यंत्रांची, खाण्याच्या पदार्थांची आणि भुतांची होती. त्या यादीतली जी बाजारात मिळाली ती आम्ही घेतली आणि पुरवठादाराचा संच घेणे बंद केले. दुकानदाराकडे यादी आपण न्यावी. त्याची यादी आपण घेऊ नये.

नॅशनल बुक ट्रस्ट या १९५७ साली स्थापन झालेल्या संस्थेची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिका कमी किमतीच्या चांगल्या पुस्तकांसाठी पाहण्यासारखी आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. चौथीच्या चांगले वाचणाऱ्या मुलांना मी त्यातील निवडक पाने छापून देते. पहिली-दुसरीला ते जड जाते.

१५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी मुले पुस्तके हातात घेऊन रांगेत बसतात, छायाचित्र निघते आणि अहवाल जातो. तो दिवस असावा. पण आमच्याकडे वाचनाची गोडी लागली ती रोज दुपारच्या जेवणानंतरच्या वीस मिनिटांनी. त्या वेळी आम्ही दोघे शिक्षकही सतरंजीवर बसून स्वतःचे पुस्तक वाचतो. हजेरी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती यांतले काहीही त्या वीस मिनिटांत करायचे नाही, असे ठरवलेले आहे. हे पाळणे सर्वांत कठीण गेले आणि अजूनही आठवड्यातून एखादा दिवस मोडतो.

ज्या शाळेत पाच-सहा हजारांपलीकडे पैसा नाही आणि मुलांच्या मापाची पुस्तके नाहीत, तिने स्टोरीवीव्हर जरूर वापरावे, असे मी निःसंकोच सांगते. त्यासाठी एका शिक्षकाला आठवड्यातून दोन तास निवडीसाठी आणि महिन्यातून एक दुपार कापण्या-बांधण्यासाठी द्यावी लागेल, हेही त्याच वेळी सांगते. तेवढा वेळ देणारे कोणी नसेल तर उतरवलेली पुस्तके पेन ड्राइव्हमध्ये बंद राहतील, जशी आमची कपाटात होती. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात शंभर पुस्तके उतरवू नयेत. पहिल्या पातळीची दहा घ्यावीत, मोठ्याने वाचावीत, त्यांतली सहा छापावीत आणि ती घरी जाऊन परत येईपर्यंत थांबावे. कोणते पुस्तक मळून आले आणि कोणते कोरे राहिले, त्यावरून पुढची दहा ठरतात.

आमच्या नोंदवहीत या वर्षी सर्वाधिक वेळा लिहिले गेलेले नाव म्हशीच्या गोष्टीचे आहे. तिच्या सहा प्रती आहेत. पहिल्या दोन इतक्या मळल्या की त्या पुन्हा छापाव्या लागल्या. पहिलीच्या मुलांना ती अजून स्वतः वाचता येत नाही, तरी ती घरी नेतात, कारण त्यात ताईने काढलेले चित्र आहे. काल नवीन प्रत सुतळीला लावायला गेले तेव्हा तिच्या जागी नुसता चिमटा होता. सहाही प्रती घरोघर गेलेल्या आहेत आणि वहीत आणखी तिघांनी आपली नावे आधीच लिहून ठेवली आहेत.